बाई, एक शंका : पुस्तकातली पेशी दिसते कुठे?

या महिन्याच्या पत्रांतलं एक पत्र माझा कान धरणारं आहे, म्हणून तेच आधी घेते.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, 'प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं.' मी अठ्ठावीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. मोठ्या, निरोगी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आणि दिसलंच तर आम्ही डॉक्टरांना फोन लावायचो. हे तुम्हाला ठाऊक नसेल असं वाटत नाही.
— एक निवृत्त तंत्रज्ञ

उत्तर : ठाऊक आहे, आणि तरीही लिहिलं. म्हणजे गुन्हा दुप्पट. 'प्रत्येक' हा शब्द जीवशास्त्रात जपून वापरा, असं वर्गात ओरडून सांगणारी मीच. त्यात 'मध्यभागी' हेही चूक. चरबीच्या पेशीत केंद्रक कडेला रेटलेलं असतं. हातापायांच्या स्नायूंच्या लांब तंतूत ते एक नसून शेकडो असतात, तेही कडेकडेला. जीवाणूंना तर पटलाने वेढलेलं केंद्रकच नसतं, त्यांचा डीएनए पेशीद्रव्यातच गुंडाळून पडलेला असतो. एका ओळीत इतक्या चुका मी विद्यार्थ्यांना करू दिल्या नसत्या.

तांबडी पेशी पहिल्यापासून बिनकेंद्रकाची नसते, हे मात्र इतर वाचकांसाठी सांगायला हवं. अस्थिमज्जेत ती घडत असते तेव्हा तिला चांगलं ठसठशीत केंद्रक असतं. हिमोग्लोबिन भरत जातं तसं ते आक्रसतं आणि शेवटी पेशी ते चक्क बाहेर ढकलून देते. शेजारची भक्षकपेशी ते गिळून मोकळी होते. मागोमाग पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही जातात. उरते ती दोन्ही बाजूंनी दबलेली एक चकती, व्यास 7 ते 8 मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सात-आठ. केशवाहिनी काही ठिकाणी याहूनही अरुंद असते. तिथून ही चकती दुमडून, अंग चोरून निघते. पोटात केंद्रकाचा गोळा असता तर इतकं दुमडणं जड गेलं असतं. (पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं आणि त्यांचं काही अडत नाही. तेव्हा 'म्हणूनच केंद्रक गेलं' असं ठामपणे म्हणायला मी जाणार नाही. आजच्या दिवसाला चुका पुरे झाल्या.)

या पेशीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तंतुकणिका नसल्यामुळे ती जो ऑक्सिजन जन्मभर वाहते, त्यातला स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरत नाही. ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून ती आपलं भागवते. केंद्रक गेल्यामुळे नवी प्रथिनं बनवण्याचा आराखडाही गेला, त्यामुळे मोडतोड फारशी भरून येत नाही. साधारण 120 दिवसांनी प्लीहेतल्या नि यकृतातल्या भक्षकपेशी तिला ओळखून संपवतात. शरीरात तांबड्या पेशी सुमारे 25 लाख कोटी. त्या 120 दिवसांच्या सेकंदांनी भागून पाहा. दर सेकंदाला वीस-पंचवीस लाख नव्या पेशी लागतात. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या अस्थिमज्जेने कोटभर पाठवल्या असतील.

प्रश्न : आम्ही शाळेत गालाच्या आतल्या पेशी पाहिल्या. पुस्तकात पेशीत किती काय काय असतं, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, रायबोसोम, सगळं रंगीत. मला फक्त फिकट निळे, चुरगळल्यासारखे डाग दिसले आणि प्रत्येकात एक गडद ठिपका. माझं काय चुकलं? मी शेवटी वहीत पुस्तकातलंच चित्र काढलं.
— इयत्ता नववीतली वाचक

उत्तर : तुझं पाहण्यात काहीच चुकलं नाही. चुकलं ते वहीत.

तुला माझीच गोष्ट सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. मी गालाच्या पेशीची सुरेख आकृती काढली. पेन्सिलीला टोक, नावांच्या रेषा पट्टीने, कुठे खाडाखोड नाही. परीक्षक आल्या, आकृती बघून "छान" म्हणाल्या, मग वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाल्या, "काचपट्टी कुठे आहे?" काचपट्टी माझ्या डाव्या हाताशी टेबलावर तशीच पडली होती. लावायलाच विसरले होते. मी नुसत्या उजेडाकडे बघून अख्खी पेशी काढली होती, तंतुकणिकांसकट.

आता तुझे डाग. गालाची पेशी साधारण 50 ते 60 मायक्रॉन रुंद आणि अगदी पातळ असते. गालाच्या आतलं अस्तर थरांचं असतं. तू टूथपिकने हलकेच खरवडलंस ते सगळ्यात वरचे, गळून पडायला आलेले थर. एखादा पातळ कागद पाण्यात पडला की त्याच्या कडा जशा वळतात, तशा या पेशी वळतात नि दुमडतात. तेच तुझं 'चुरगळणं'. गडद ठिपका म्हणजे केंद्रक. तू घातलेल्या निळ्या रंगाचे, म्हणजे मिथिलीन ब्लूचे, रेणू धनभारित असतात आणि डीएनए-आरएनए आम्लधर्मी, ऋणभारित. म्हणून रंग केंद्रकात घट्ट बसतो, बाकी पेशीद्रव्याला नुसती निळसर झाक येते. रंग घातलाच नसतास तर ठिपकाही नीट दिसला नसता, कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असते.

मग बाकीची मंडळी कुठे गेली? आहेत तिथेच, पण तुझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. साध्या प्रकाशाने पाहायचं तर दोन ठिपके 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळ आले की ते एकच दिसतात. भिंग कितीही भारी आणलं तरी हे सुटत नाही, ती प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा आहे. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, याच्या सात-आठपटींनी लहान. तंतुकणिका या मर्यादेच्या वर आहे खरी, पण तिला वेगळा रंग द्यावा लागतो आणि शाळेच्या भिंगाने तरीही ती जेमतेमच कळते. आतलं बारीक सामान दिसलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. नॉल आणि रुस्का यांनी तो 1931 साली बनवायला घेतला. आणि गंमत म्हणजे त्यात रंग नसतोच, चित्र येतं काळं-पांढरं. पुस्तकातली केशरी तंतुकणिका नि जांभळं केंद्रक ही चित्रकाराची कृपा. त्या एका आकृतीत अनेक जणांनी, वेगवेगळ्या यंत्रांनी, वेगवेगळ्या पेशींत जे पाहिलं ते सगळं एकत्र कोंबलेलं आहे. अशी पेशी प्रत्यक्षात कुठेच भेटत नाही.

रॉबर्ट हुकने 1665 मध्ये बुचाची पातळ चकती पाहून 'सेल', म्हणजे खोली, हा शब्द दिला. त्याला दिसल्या त्या रिकाम्या भिंती, कारण बूच म्हणजे मेलेल्या पेशी. केंद्रकाला नाव मिळालं 1831 मध्ये. रॉबर्ट ब्राऊन ऑर्किडच्या पेशी बघत होता, त्याने ते दिलं. मध्ये 166 वर्षं गेली. तुला एका तासिकेत ठिपका दिसला, वाईट नाही.

पुन्हा बघशील तेव्हा एवढं कर. काचपट्टीवर मिठाच्या सौम्य, 0.9 टक्क्यांच्या पाण्याचा थेंब घे, त्यात टूथपिक फिरव, रंगाचा एकच थेंब टाक. कव्हरस्लिप आडवी टाकू नकोस. एक कड टेकव आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोड, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. माझ्या वर्गात दर वर्षी निदान चार जण बुडबुड्याची आकृती काढायचे. बुडबुडा ओळखायचा तो त्याच्या जाड, काळ्याभोर, कंपासने काढल्यासारख्या गोल कडेवरून. पेशीची कड अशी कधीच नसते. आधी लहान भिंगाने पेशींचा पुंजका शोध, मग 40 च्या भिंगावर ये. आणि खालचा डायफ्रॅम थोडा बंद कर. मुलं उजेड वाढवत नेतात, पण पारदर्शक वस्तू उजेड कमी केला की उठून दिसते. टूथपिक ज्याची त्याने वापरायची आणि नंतर जंतुनाशकात टाकायची.

पेशीच्या अंगावर बारीक गडद निळे कण, कधी जोडीने, कधी माळेसारखे दिसले तर धूळ समजून सोडू नकोस. ते तुझ्या तोंडातले जीवाणू. लेवेनहुक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरचं कीटण घरी घासलेल्या भिंगाखाली धरलं, तेव्हा त्याला दिसले ते यांचेच भाऊबंद.

वहीत जे दिसलं तेच काढ. नावं दोन-तीनच येतील. मार्क कापले तर हे पान दाखव.

प्रश्न : आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, म्हणजे आपण नव्वद टक्के जीवाणूच, असं सगळीकडे वाचतो. खरं का?

उत्तर : नाही. 1970 च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजातून हा 'दहापट' निघाला आणि पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. मीही शिकवलाय. 2016 मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो या तिघांनी मोजणी नव्याने मांडली. सुमारे 70 किलोच्या माणसात त्याच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी आणि जीवाणू 38 लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्यातले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात. वजन मात्र सगळ्यांचं मिळून 200 ग्रॅमच्या आसपास, कारण जीवाणू आपल्या पेशीपुढे फारच चिमुकला.

आणि त्या 30 लाख कोटींत 84 टक्के वाटा तांबड्या रक्तपेशींचा. म्हणजे वरच्या पत्रातल्या तंत्रज्ञांनी मला आणखी एक टोला मारला असता तरी चाललं असतं : मोजून पाहिलं तर माणसाच्या *बहुतेक* पेशींना केंद्रक नसतंच.

प्रश्न : शरीर दर सात वर्षांनी संपूर्ण नवं होतं म्हणतात. त्वचा तर महिन्याभरात नवी होते. मग माझ्या दंडावरचा वीस वर्षांपूर्वीचा टॅटू अजून का आहे? (तो ज्या नावाचा आहे ते जावं अशी इच्छा आहे. नाव छापू नये, माझंही आणि तेही.)

उत्तर : दोन्ही नावं माझ्यापाशी सुरक्षित आहेत.

महिन्याभरात नवी होते ती वरची बाह्यत्वचा. तळाशी पेशी विभागतात, वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि झडतात. टॅटूची सुई त्याच्या खाली, अंतस्त्वचेत शाई सोडते. तिथे भक्षकपेशी धावतात आणि परका कण दिसला म्हणून शाई गिळतात. पण शाईचे कण त्यांना पचत नाहीत. त्या पोटात शाई घेऊन तिथेच बसतात, आणि त्वचेतून आपल्याला दिसतात त्या या पोट भरलेल्या पेशी. त्यांनाही मरण आहेच. त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्याने आलेली भक्षकपेशी ती उचलते. उंदरांवरच्या प्रयोगांत ही हातातून हातात जाणारी शाई 2018 मध्ये नीट दाखवली गेली. म्हणजे तुमच्या दंडावर ते नाव धरून बसलेल्या पेशी वीस वर्षांपूर्वीच्या नसणार. नाव तेवढं राहिलं. लेसरने शाईचे कण फोडून बारीक करतात, म्हणजे काही कण लसिकेतून वाहून जातात. पण उरलेले पुन्हा कुणीतरी उचलतंच, म्हणून एका खेपेत काम होत नाही.

आता सात वर्षं. हा आकडा कुठल्याच एका पेशीचा नाही. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, तांबडी पेशी चार महिने. उलट डोळ्याच्या भिंगाचा गाभा आपण जन्माला यायच्या आधी घडतो आणि तोच शेवटपर्यंत राहतो. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, बहुतेक चेतापेशीही आपल्याच वयाच्या.

हे मोजलं कसं, ते मला पेशींपेक्षाही रंजक वाटतं. 1950 च्या दशकात आणि 60 च्या सुरुवातीला जमिनीवर अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला. 1963 च्या करारानंतर उघड्यावरच्या चाचण्या आवरल्या, तसा तो उतरत गेला. झाडांनी तो घेतला, झाडांमार्फत आपण घेतला. पेशी विभागताना नवा डीएनए बनतो, त्यात त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण उमटतं आणि पुढे फारसं बदलत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी त्यावरून पेशींच्या जन्मतारखा काढल्या. हृदयाच्या स्नायुपेशींबद्दलचं त्यांचं 2009 चं उत्तर असं : पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का पेशी नव्या, पंच्याहत्तरीत 0.45 टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त हृदय आपल्याला मूळचंच पुरवून वापरावं लागतं.

प्रश्न : सर्दी पिवळी-हिरवी झाली होती, तरी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. 'विषाणू आहे' म्हणाले. जंतू तो जंतू, औषध का चालू नये?

उत्तर : 'जंतू' या शब्दानेच घोळ केलाय. आपण त्यात अगदी वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो.

पेनिसिलिन घ्या. 1928 मध्ये फ्लेमिंगच्या बशीत बुरशीभोवतीचे जीवाणू विरघळलेले दिसले, तिथून हे सुरू झालं. जीवाणूच्या पटलाबाहेर एक चिवट भिंत असते, साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची. जीवाणू वाढताना या जाळीत नवे टाके घालावे लागतात. पेनिसिलिन टाके घालणारं विकरच (एन्झाइम) जाम करतं. आतला दाब जास्त, भिंत कच्ची, पाणी आत शिरतं आणि जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना ही भिंत नाही, म्हणून आपण वाचतो. विषाणूलाही ती नाही. तो म्हणजे प्रथिनाच्या वेष्टणातला डीएनए किंवा आरएनए, काहींना वरून मेदाचं आवरण. रायबोसोमही स्वतःचे नाहीत, सगळं काम आपल्या पेशीकडून करवून घेतो. ज्याला भिंतच नाही त्याची भिंत कशी पाडणार? मायकोप्लाझ्मा हा तर जीवाणूच आहे, पण बिनभिंतीचा. त्याच्यावरही पेनिसिलिन वाया जातं.

दुसऱ्या जातीची अँटिबायोटिक्स जीवाणूंच्या रायबोसोमवर जातात. आपले रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून आपण बरेचसे सुरक्षित. 'बरेचसे' म्हणते, कारण आपल्या तंतुकणिकांचे रायबोसोम जीवाणूंसारखे असतात. लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये जोरकसपणे मांडलं होतं की तंतुकणिका म्हणजे एके काळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेला जीवाणू. तिचा स्वतःचा गोल डीएनए आहे, त्यात 37 जनुकं. काही अँटिबायोटिक्सचे दुष्परिणाम या जुन्या नात्यातून येतात.

आणि हिरवा रंग. तो जंतूंचा नव्हे, आपल्याच पांढऱ्या पेशींचा. न्यूट्रोफिल पेशीत एक लोहयुक्त हिरवं विकर असतं. लढाईत त्या पेशी ढिगाने मरतात आणि शेंबडाला रंग येतो. लढाई विषाणूशी असली तरीही. रंगावरून जीवाणू ओळखता येत नाही, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. फार दिवस हटली नाही, ताप परत चढला, तर मात्र पुन्हा जाऊन दाखवा.

प्रश्न : हत्तीची पेशी मुंगीच्या पेशीपेक्षा मोठी असते का? आई म्हणाली बाईंना विचार.
— वय आठ

उत्तर : छान विचारलंस. नाही, बहुतेक पेशी दोघांच्याही साधारण सारख्याच मापाच्या. हत्तीकडे त्या खूप, खूप जास्त असतात, एवढंच.

पेशी फुगून मोठी का होत नाही ते तुला करून बघता येईल. चिकणमातीचा 1 सेंटिमीटर बाजूचा ठोकळा कर. त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटिमीटर कातडी आणि आत 1 घन सेंटिमीटर माती. आता 10 सेंटिमीटर बाजूचा कर (माती खूप लागेल, आईला विचारून). कातडी 600, पण आतली माती 1000! पेशीला लागणारं सगळं कातडीतूनच आत येतं. मोठ्या ठोकळ्यात आतल्या प्रत्येक घासाच्या वाट्याला कातडी कमी येते, आणि मधोमध पोचायलाही फार वेळ लागतो. हत्तीच्या पायातली चेतापेशी मीटरभराहून लांब असते, पण केसाहून बारीक, म्हणून तिला कातडी भरपूर मिळते.

एक जीवाणू मात्र हे सगळं धाब्यावर बसवतो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर, खारफुटीच्या पाण्यात बुडालेल्या पानांवर तो सापडला. 2022 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. नाव थायोमार्गारिटा मॅग्निफिका. लांबी साधारण 1 सेंटिमीटर, दिसतो पांढऱ्या धाग्यासारखा, आणि अख्खा धागा म्हणजे एकच पेशी. त्याची युक्ती अशी की पोटात बहुतेक जागा पाण्याच्या पिशवीने भरलेली, आणि जिवंत भाग कातडीलगत पातळ थरात.

आणि त्याचा डीएनए मोकळा पडलेला नसतो, पटलाच्या बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवलेला असतो. म्हणजे जीवाणूंच्या डीएनएबद्दल मी वर पहिल्याच उत्तरात जे लिहिलं, तेही सगळ्यांना लागू नाही. प्रयोगशाळेतल्या वाचकांनी पाकीट उघडलं असेल तर बंद करावं.